बारा टोपल्या आणि तीनशे दीनार

आमच्या घरी सध्या एका मुदत ठेवीवरून वाद चालू आहे. पप्पांना ती मोडून बहिणीच्या लग्नात सगळ्या गावाला जेवू घालायचंय. मी सॉफ्टवेअरवाला, निवृत्तीनंतर त्यांना किती लागेल, याची एक्सेल शीट घेऊन बसलोय. आम्ही वसईचे ख्रिस्ती, त्यामुळे दोघंही पुरावे बायबलमधून काढतो. घरात नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आहे. पंचाईत अशी की पुरावे दोघांनाही सापडतात.

'नीतिसूत्रे'च्या २१व्या अध्यायात शहाणा साठवतो, मूर्ख संपवतो. हे माझं. 'उपदेशक' मात्र खाण्यापिण्यातल्या आनंदाला देवाची देणगी मानतो. हे पप्पांचं. लूकच्या १२व्या अध्यायात मूर्ख ठरतो तो कोठारं वाढवणारा, कारण त्याच रात्री त्याचा जीव जाणार असतो. १५व्या अध्यायात उधळ्या पुत्र सगळं उडवून उपाशी मरायला टेकतो. तो परतल्यावर बाप काय करतो, तर मेजवानी!

ही विसंगती लपवलेली नाही. 'नीतिसूत्रे'च्या २६व्या अध्यायात मूर्खाला उत्तर देऊ नये आणि द्यावं, असे दोन्ही सल्ले लागोपाठच्या ओळींत आहेत. म्हणजे कधी कुठला लावायचा, हे ओळखणं हेच शहाणपण.

योहानाच्या शुभवर्तमानात हे नीट दिसतं. ६व्या अध्यायात येशू उरलेले तुकडे गोळा करायला लावतो. बारा टोपल्या भरतात. १२व्या अध्यायात मरिया त्याच्या पायांवर तीनशे दीनारांचं सुगंधी तेल ओतते. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षाची कमाई एका संध्याकाळी संपली. उधळपट्टीचा आक्षेप घेतो तो यहूदा, पैशांची थैली सांभाळणारा. येशू मरियेची बाजू घेतो, कारण त्याचं मरण जवळ आलेलं असतं. आणि टोपल्या? त्या भरल्या सगळे पोटभर जेवल्यावर. आधी कुणाचा घास मोजला नव्हता.

आमची आजी अंथरुणाला खिळून आहे. हे लग्न बहुधा तिने पाहिलेलं शेवटचं असेल. गाव जेवायला आलं, की तिच्या खाटेपाशीही येईल. म्हणून जेवणाच्या रकमेला मी हात लावलेला नाही. ड्रोन, फटाके आणि स्टेजवरची परदेशी फुलं मात्र शीटमधून काढली. पप्पा फुलांसाठी अजून अडून बसलेत, आणि निवृत्तीच्या रकान्यातला आकडा अजूनही लालच आहे.