परक्या भाषेत हसवणारे दोघे

१/ मूकपटाला मायबोली नव्हती. चित्रपट माद्रिदला जावो वा मेक्सिकोला, मधल्या मजकुराच्या पाट्या तेवढ्या बदलल्या की काम भागे. १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ आला, पडदा बोलू लागला आणि ही मुभा हळूहळू संपली.

२/ हॉलिवूडपुढे पेच उभा राहिला. परदेशी प्रेक्षक गमावणे परवडणारे नव्हते आणि चित्रित झालेल्या ओठांवर दुसऱ्या भाषेतील आवाज नीट बसवण्याचे तंत्र अद्याप कच्चे होते. उपाय निघाला तो खर्चिक : तोच चित्रपट दुसऱ्या भाषेत पुन्हा चित्रित करायचा.

३/ गंभीर चित्रपटात नट बदलणे शक्य होते. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ची स्पॅनिश आवृत्ती त्याच सेटवर, रात्रीच्या वेळी, वेगळ्या नटसंचासह चित्रित झाली. विनोदी चित्रपटात मात्र ही सोय नव्हती. प्रेक्षक कथेसाठी नव्हे, लॉरेल आणि हार्डी या दोघांसाठीच येत. त्यांच्या जागी दुसरे कोण उभे राहणार?

४/ म्हणून निर्माते हॅल रोच यांनी त्या दोघांनाच स्पॅनिश बोलायला लावले. स्टॅन लॉरेल इंग्लंडचा, ऑलिव्हर हार्डी अमेरिकेतील जॉर्जियाचा. स्पॅनिश दोघांनाही येत नव्हती. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर फळे ठेवलेले असत. त्यांवर संवाद उच्चारानुसार लिहिलेले असत. बाकीच्या भूमिकांत बहुधा स्पॅनिशभाषक नट असत.

५/ अशा रीतीने ‘नाइट आउल्स’चा ‘लाद्रोनेस’ झाला, ‘ब्लॉटो’चा ‘ला विदा नोक्तुर्ना’ झाला. अर्ध्या तासाच्या ‘चिकन्स कम होम’चा ‘पोलितिकेरियास’ तर जवळजवळ दुप्पट लांबला. त्यात हाजी अली नावाच्या कलावंताचा खेळ घालण्यात आला. तो पाणी आणि रॉकेल गिळून आधी रॉकेलच्या फवाऱ्याने आग भडकवी आणि मग पाण्याने ती विझवी. मूकपटांचा अनभिषिक्त सम्राट बस्टर कीटनही ‘एस्त्रेयादोस’मध्ये (१९३०) स्पॅनिश बोलला.

६/ विनोदात क्षणाचे मोल मोठे. शब्द पळभर लवकर आला तरी हसू विरते. इथे तर बोलणाऱ्यालाच आपल्या वाक्याचा अर्थ जेमतेम ठाऊक असे. चित्रपटगृहात बसलेल्या पोराला मात्र तो नीट कळे. तरीही विनोद साधला, कारण हार्डीचा कॅमेऱ्याकडे वळणारा हताश कटाक्ष आणि लॉरेलचे रडवेले तोंड यांना फळ्याची गरज नव्हती.

७/ डबिंगचे तंत्र सुधारले आणि हा खटाटोप लवकरच थांबला. याच काळात त्यांनी ‘पार्डन अस’ची इटालियन आवृत्तीही केली होती. पुढे इटलीत त्यांचे चित्रपट डब होऊ लागले तेव्हा आवाज देणाऱ्या इटालियन नटांनी मुद्दाम तसेच इंग्रजी वळणाचे, अडखळते इटालियन उच्चार ठेवले. हार्डीला आवाज देणाऱ्यांत तरुण आल्बेर्तो सोर्दी होता. तो पुढे इटलीचा ख्यातनाम विनोदी नट झाला.

८/ शुद्ध इटालियन बोलणे त्या नटांना सहज शक्य होते. पण प्रेक्षकांना ते अडखळणेच आपले वाटत होते. आपली भाषा बोलण्यासाठी परका माणूस धडपडतो, तेव्हा त्याच्या चुकांतही एक आर्जव असते. ते इटलीच्या प्रेक्षकांनी अचूक ओळखले.