चुकलेला ठोका

मोत्याची प्लीहा काढल्याला एक रात्र उलटली होती. भुलीची गुंगी ओसरली होती. मला पाहून शेपटीचे टोक किंचित हललेही. सहज त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि मी दचकलो. चार ठोके सरळ पडत, पाचवा घाईने येई, आणि मग हृदय जणू आपले काम विसरूनच जाई!

निरोगी कुत्र्याचे हृदयही घड्याळासारखे चालत नाही, हे मला ठाऊक होते. श्वास घेताना ते जलद होते, सोडताना मंदावते. परंतु हे अडखळणे श्वासाशी जुळेना. डॉक्टरांनी एक हात छातीवर, दुसरा मांडीतल्या नाडीवर ठेवला. घाईचा ठोका नाडीपर्यंत पोचतच नव्हता.

या शस्त्रक्रियेनंतर पहिले दोनतीन दिवस असे पुष्कळदा होते, असे ते म्हणाले. लिग्नोकेनची सुई त्यांनी भरून ठेवली. टोचली मात्र नाही. ठोक्यांचा वेग बेताचा आहे आणि रक्तदाब टिकून आहे, तोवर औषध नको! औषध न देणारा वैद्य आप्तांस निष्ठुर वाटतो. मलाही ते तसेच वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा छातीवर हात ठेवून मोजू लागलो. वीस झाले, तीस झाले. मोत्याचे सारे लक्ष माझ्या दुसऱ्या हातातील भाकरीकडे होते.