मध्यरात्रींचा पहारा

घोरणें हें सुखी झोंपेचें लक्षण, अशी माझी पुष्कळ वर्षांची समजूत होती. तिच्यावर मीं घरांत विनोदही पुष्कळ केले. पण एका रात्रीं मला जाग आली ती शांततेनें. शेजारीं पत्नीचा श्वास चढत गेला, हळूहळू ओसरला आणि थांबला! मी आंकडे मोजूं लागलों. विसाच्या सुमारास कुठें तो परतला. सकाळीं विचारलें, तर ती म्हणाली, "अहो, मला तर गाढ झोंप लागली होती!"

बाळपणींच्या सांधेज्वरानें तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली. डॉक्टरांनीं समजावलें, कीं थकलेल्या हृदयामुळें रक्त मंद फिरतें, फुप्फुसांतील वार्ता मेंदूला उशिरां पोंचते. मग श्वास कधीं अति, कधीं मुळींच नाहीं. डब्लिनमधील चेन यांनीं १८१८ सालीं व स्टोक्स यांनीं १८५४ सालीं असाच श्वास वर्णिला होता. झोंपणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. साक्ष द्यावयाची ती शेजारच्यानें.

आतां उपचार चालू आहेत. परंतु तीस वर्षें शेजारीं निजूनही मीं तिचा श्वास कधीं ऐकलाच नव्हता, या खंतीवर मात्र डॉक्टरांपाशीं औषध नाहीं.