सामन्याकडे पाठ करून

क्रिकेटची मॅच आपण सगळ्याच बघतो. कुणी पोळ्या लाटता लाटता, कुणी शेंगा सोलता सोलता. चेंडू सीमेपार गेला की पडद्यावर क्षणभर एखादा खाकी कपड्यातला पोलीस दिसतो. त्याच्याकडे कधी नीट पाहिलंय? त्याचं तोंड लोकांकडे असतं आणि पाठ मैदानाकडे. सामना पाठीमागे रंगलेला असतो, पण त्यानं वळून बघायचं नसतं.

माझी धाकटी जाऊ यातलीच. २०११ साली ती मुंबईत पोलीस शिपाई होती. भावजींची नोकरी मिरज जंक्शनवर, रेल्वेत, पाळीची. त्यामुळं तीन वर्षांची चिमी माझ्याजवळ असायची. रजा मिळाली की जाऊ महालक्ष्मी एक्स्प्रेसनं यायची नि दोन दिवसांनी त्याच गाडीनं परत जायची. गाडी हलेपर्यंत चिमी हसत हात हलवायची. शेवटचा डबा दिसेनासा झाला की मात्र तिला आवरता आवरत नसे.

त्या वर्षी २ एप्रिलला, शनिवारी, वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल होती. भारत विरुद्ध श्रीलंका. आपल्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आणि श्रीलंकेचे अध्यक्ष राजपक्षे, दोघंही हजर. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला अडीच वर्षंही झाली नव्हती. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळ्यांनी हातात नुसती लाठी असताना कसाबला धरून ठेवलं नि जीव दिला. ती चौपाटी वानखेडेपासून फार लांब नाही. तेव्हा बंदोबस्त म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे, हे आमच्या घरात कुणाला सांगायला नको होतं. सासूबाईंनी त्या दिवशी देवापुढचा दिवा विझू दिला नाही. तो काही भारत जिंकावा म्हणून नव्हता!

जाऊची ड्यूटी बायकांच्या रांगेवर होती. बाईची झडती बाईनंच घ्यायची आणि तीही सभ्यता राखून, असा कायदाच आहे. त्यामुळं स्त्री पोलिसांवाचून अशा ठिकाणी पानही हलत नाही. पर्स उघडायची, चाचपायची, पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लावायची. "आम्ही काय चोर आहोत का?" असं कुणी फणकाऱ्यानं म्हटलं तरी हसून पुढच्या बाईकडे वळायचं. जागा सोडता येत नाही म्हणून उन्हातसुद्धा ती पाणी बेतानंच प्यायची.

रात्री धोनीनं षटकार मारला, भारत सहा गडी राखून जिंकला. मिरजेत फटाके, गुलाल, मोटरसायकली! जाऊचा फोन आला तो मध्यरात्रीनंतर, गर्दी पांगल्यावर. पहिला प्रश्न, "अक्का, चिमी जेवली का?" आणि मग हळूच, "अक्का, शेवटचा सिक्सर कसा मारला हो? आवाज तेवढा ऐकला." चिमीच्या काकांनी फोन घेतला नि तिला चेंडू न् चेंडू सांगितला.

आता ती बदलून आपल्या जिल्ह्यात आली आहे. चिमी कॉलेजात जाते. पण उभं राहणं काही सुटलेलं नाही. मिरजेची गणपती विसर्जनाची मिरवणूक तुम्हाला माहीतच आहे, दुसरा दिवस उजाडला तरी चाललेली असते. तितका वेळ बंदोबस्तही असतोच.

म्हणून एवढंच सांगते. मॅचला, उरुसाला, मिरवणुकीला जाताना पर्स हलकी ठेवा आणि फाटकावर स्वतःहून उघडून धरा. लहान मुलाच्या खिशात घरचा फोन नंबर लिहून ठेवा, मूल चुकलं तर पोलिसांचं निम्मं काम तिथंच होतं. आणि तुमच्या दारासमोर एखादी खाकीतली लेक तासन्‌तास उभी दिसली, तर पाणी द्याच. पण तेवढ्यावर थांबू नका. बाईची खरी अडचण बाईलाच कळते. तिला जवळ जाऊन सांगा, "बाई, आमचं न्हाणीघर मागच्या बाजूला आहे. सवड मिळाली की संकोच न करता या."

मग बघा, ती पाणीसुद्धा पोटभर पिईल.