दोन पुरुष पाणी

अर्जावर नाव, जन्मतारीख, रक्तगट लिहून झाला आणि पुढच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. ‘प्रवेशवेळ’ असं तिथे छापलेलं होतं. ५० मीटर फ्रीस्टाइल पोहायला तुम्हाला आजवर कमीत कमी किती वेळ लागला, ते लिहायचं. त्यावरून हीट ठरते, लेन ठरते. आठ लेनच्या तलावात सर्वांत कमी वेळेची पोहणारी चौथ्या लेनमध्ये, तिच्या खालोखालची पाचव्या, मग तिसऱ्या, असं करत करत सावकाश पोहणाऱ्या कडेला जातात. माझी वेळ कधी कुणी लावलीच नव्हती. मी सरांकडे पाहिलं.

“एनटी लिहा, ताई,” ते म्हणाले. “नो टाइम.”

लिहिलं. लिहितानाच मनात त्याचं मराठी झालं : वेळ नाही. गेली पंचवीस वर्षं हे दोन शब्द मी कितीजणांना ऐकवले असतील. मैत्रिणीनं गाण्याच्या क्लासचं विचारलं, वेळ नाही. भावजय चार दिवस राहायला ये म्हणाली, वेळ नाही. आणि ते खरंच होतं. नोकरी, सासूबाईंचं आजारपण, दोन मुलांच्या दहावी-बारावी, दिवस उजाडायचा आणि मावळायचा. या रकान्यात मात्र त्याच शब्दांचा अर्थ निराळा होता. तुझी वेळ अजून मोजलेली नाही, एवढंच तो कागद सांगत होता.

मोजायची सवय आमच्या घराला होती. माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. ज्वारी पायलीनं मोजायची, ऊस काट्यावर टनानं, जमीन गुंठ्यानं आणि विहिरीचं पाणी पुरुषानं. एक पुरुष म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. पाऊस सरला की आबा विहिरीच्या काठावर उभे राहायचे, खाली एकदा बघायचे आणि सांगायचे, “चार पुरुष हाय औंदा.” उन्हाळ्यात ते दोनावर यायचं, कधी त्याच्याही खाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातली सगळी पोरं त्या विहिरीत पडीक असायची. पोर सहा-सात वर्षांचं झालं की त्याच्या पाठीला पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचा बिंडा बांधायचे आणि कमरेला दोर. दोराचं टोक काठावरच्या काकाच्या हातात. चार दिवसांनी बिंडा सुटायचा, आठव्या दिवशी दोर. मग मुटके, सूर, बुड्या. आम्ही पोरी पायऱ्यांवर बसायचो, कपडे राखायचो. माझ्याकडे आणखी एक काम होतं. दादा नाक धरून खाली जायच्या आधी ओरडायचा, “मोज गं!” आणि मी मोठ्यानं मोजायची. एक, दोन, तीन... चाळिसाच्या पुढे माझाच श्वास अडकायचा. कोण किती वेळ पाण्याखाली राहिला याचा हिशोब सबंध सुट्टीभर माझ्या डोक्यात असायचा, सगळ्या भावांचा.

एकदा मी आबांना म्हटलं, “मला पण पवायचंय.” ते म्हणाले, “पोरीच्या जातीला काय करायचंय पवाय शिकून?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कौलं शाकारायला मी शिडीवर चढते म्हटलं असतं तरी ते त्याच सुरात बोलले असते. म्हणूनच त्यावर काही बोलता आलं नाही. आज मला त्यातली एक गोष्ट फार टोचते. कृष्णेवर रोज धुणं घेऊन बायकाच जायच्या. शेवाळलेल्या खडकावर, गुडघाभर पाण्यात, वाकून उभ्या राहायच्या. पाण्याशी रोजचा संबंध ज्यांचा, त्यांनाच पोहायला शिकवायचं नाही, ही रीत चुकीची होती. आबांवर माझा जीव आहे, तरीही ती चुकीची होती.

तलावावर गेले तेव्हा मी ४७ वर्षांची होते. निमित्त साधं, गुडघ्याचं. पुण्यात आमच्या भागात महापालिकेचा तलाव आहे, तिथे महिलांची वेगळी बॅच असते. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं आपण सहज म्हणतो. लहान पोराच्या बाबतीत ते खरं असेल. मोठं माणूस पाण्यात पडतं ते आपला सगळा शहाणपणा घेऊन. ते मान वर धरतं, कारण डोकं पाण्याबाहेर असलं तर आपण वाचू असं त्याला वाटतं. आणि मान वर गेली की कंबर खाली जाते, पाय बुडतात. छातीत हवा असते, ती वर तरते. पाय जड, ते खाली ओढतात. पाण्यावर आडवं राहायचं तर चेहरा पाण्यात घालावा लागतो, जे करू नकोस असं शरीराचा कण न् कण सांगत असतो. पहिला महिनाभर मी कठडा धरून फक्त तेवढंच शिकले. चेहरा पाण्यात घालायचा आणि श्वास सोडायचा.

श्वास घेणं शिकवावं लागत नाही, सोडणं शिकवावं लागतं, हे सर रोज सांगायचे. मला ते तिसऱ्या महिन्यात कळलं. मी पाण्याखाली श्वास कोंडून ठेवत होते आणि तोंड बाहेर काढल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही त्या एका क्षणात उरकायला बघत होते. छातीत शिळी हवा तशीच राहायची, दहा मीटरवर धाप लागायची. एका सकाळी पाण्याखाली बुडबुडे सोडता सोडता तोंड सहज कुशीवर वळलं, हवा आपण होऊन आत आली, तोंड पुन्हा पाण्यात गेलं. असं चार वेळा झालं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले आणि मला रडू आलं. गॉगलच्या आत पाणी साचलं ते बाहेरचं नव्हतं.

त्यानंतर मला पाण्याचं वेड लागलं. पाणी हवेच्या जवळपास आठशे पट दाट असतं. त्यात वेग दुप्पट करायला गेलं तर विरोध चौपट होतो. म्हणजे जोर लावून फारसं काही हाती लागत नाही. पाण्याला आपला अडसर कमी वाटेल असं व्हावं लागतं. लांब, अरुंद, शांत. हात आपटायचा नाही, बोटांच्या टोकांनी आत सरकवायचा, कोपर वर ठेवून पाणी मागे दाबायचं आणि त्या हातावरून अंग पुढे जाऊ द्यायचं. मी हात मोजू लागले. २५ मीटरला सुरुवातीला ३६ हात लागायचे. वर्षभरात २६ वर आले. ते दहा हात कुठे गेले, याचा विचार करत मी बसमध्ये उभी असायची, स्वयंपाक करताना कोपर उचलून बघायची. मोजायची सवय जुनीच होती, आता हिशोब माझा होता.

मग सरांनी स्पर्धेचं काढलं. घरी, ऑफिसात ज्यांना सांगितलं त्यांनी जवळपास एकच प्रश्न विचारला : या वयात स्पर्धा कशाला? पोहा की आनंदानं. त्यात माया होती हे मला मान्य आहे. पण बाईनं पन्नाशीच्या आसपास काही नवं सुरू केलं की ते तब्येतीसाठी किंवा मन रमवायला, असंच सगळे धरून चालतात. तिला त्यात तरबेज व्हायचं असेल, कालच्यापेक्षा आज दोन सेकंद कमी करायचे असतील, हे कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. स्पर्धेचं नाव दिल्यावर माझ्या सकाळीच बदलल्या. रेंगाळणं गेलं. भिंतीला पाय लावून सुटताना अंग बाणासारखं ताणलेलं हवं, दोन्ही हात कानांना चिकटलेले हवेत, या एका गोष्टीवर मी तीन आठवडे काढले. एवढ्या बारकाईनं मी याआधी कशाचा अभ्यास केला होता, ते आठवत नाही. आनंद तिथेच होता.

प्रौढांच्या या स्पर्धांना मास्टर्स म्हणतात. वय २५ पासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे वय होणार तेच धरायचं. त्या हिशोबानं पन्नास पूर्ण व्हायला सात महिने असताना मी ‘५० ते ५४’ या गटात गेले. बाहेरच्या जगात पन्नाशी लागली की लोक जपून बोलायला लागतात. इथे ती लागली की माणूस आपल्या गटातलं सर्वांत धाकटं होतं. गट वर कुठवर जातात, तर जपानच्या मिएको नागाओका यांच्यापर्यंत. ऐंशी ओलांडल्यावर गुडघ्याच्या दुखण्यापायी त्या पाण्यात उतरल्या आणि २०१५ मध्ये, शंभराव्या वर्षी, १५०० मीटर पोहल्या. पाठीवर, सव्वा तासात. शंभरी गाठलेल्या माणसानं हे अंतर स्पर्धेत पार करण्याची ती पहिलीच वेळ होती.

पण मला बळ मिळालं ते घराजवळून. मुरलीकांत पेटकर पेठचे, इस्लामपूरजवळच्या, म्हणजे माझ्याच तालुक्यातले. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. त्यानंतर, उपचार म्हणून, ते पोहायला लागले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. वेळ ३७.३३ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. मी त्या तालुक्यात लहानाची मोठी झाले. विहिरीवर, शाळेत, जत्रेत हे नाव माझ्या कानावर एकदाही आलं नाही. आलं असतं तर मी आबांना दुसऱ्यांदा विचारलं असतं, असं मला वाटतं. ते ३७.३३ मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. त्याची बरोबरी करायची म्हणून नव्हे. माझ्या मातीतल्या माणसानं पायांशिवाय ५० मीटरला काय वेळ लावली, ते रोज डोळ्यांसमोर असावं म्हणून.

स्पर्धा फेब्रुवारीत होती, सकाळी नऊला, उघड्या तलावात. पाणी गार होतं. एनटीवाल्या आम्ही दोघी, ती पहिल्या लेनमध्ये आणि मी आठव्या. मला सूर मारता येत नव्हता. मास्टर्सच्या नियमात ब्लॉकवरून उडी मारण्याची सक्ती नाही, पाण्यात उतरून भिंतीला पाय लावून सुटता येतं. शेजारच्या लेनमधल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. त्यांनी ब्लॉकवरून वाकून मला विचारलं, “पहिलीच का?” मी मान हलवली. “बुडबुडे सोडा,” त्या म्हणाल्या. छोट्या शिट्ट्या झाल्या, मग एक लांब. ‘टेक युअर मार्क्स.’ बीप.

पहिले वीस मीटर मला आठवतच नाहीत. मी मला येत होतं त्यापेक्षा कितीतरी जोरात हात मारत होते. शिकलेलं सगळं विसरून पाण्याशी भांडत होते. पस्तीस मीटरवर श्वास संपला. खालच्या फरशीची काळी रेघ थरथरायला लागली. तिथे तलाव उथळ होत जातो. मी पाय खाली सोडले आणि उभी राहिले.

काठावर बरेच लोक होते. मुलगा होता. मला वाटलं, संपलं. पण फ्रीस्टाइलचा एक नियम आहे आणि तो सरांनी आम्हाला पाठ करायला लावला होता : तळाला पाय टेकून उभं राहिलात तर बाद नाही; चालायचं मात्र नाही. दोर धरून ओढायचा नाही. मी आठव्या लेनमध्ये छातीभर पाण्यात उभी होते, बाकी सगळ्या भिंतीला पोहोचल्या होत्या, आणि नियमानं मी अजून शर्यतीत होते. ज्यानं कुणी हा नियम लिहिला त्याला दमलेल्या माणसाची जाण होती. मी दोन श्वास घेतले. दुसरा पूर्ण सोडला. चेहरा पाण्यात घातला आणि उरलेले पंधरा मीटर तसे पोहले जसं मी सकाळी सहा वाजता, कुणी बघत नसताना पोहते. सावकाश, लांब हात, तीन हातांना एक श्वास. भिंत हाताला लागली.

१ मिनिट ३६.४८ सेकंद. माझ्या गटात शेवटची. घड्याळ धरणाऱ्या मुलीनं आकडा पाटीवर लिहिला आणि मला वाचून दाखवला. मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं.

या दिवाळीत माहेरी गेले. पाऊस यंदा कमीच झाला होता. दादाची नात आठ वर्षांची आहे. दादानं तिच्या पाठीला प्लास्टिकचे दोन रिकामे कॅन बांधले, कमरेला दोर बांधला आणि टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. ती शेवटच्या पायरीवर उभी राहून वर बघत होती. “आत्याआज्जी, तू पण येणार?” मी तिच्या आधी उतरले. आमचे दोघींचे कपडे वरच्या पायरीवर होते, राखायला कुणी बसलं नव्हतं. पाणी हिरवं, थंड, क्लोरीनचा वास नसलेलं. इतकी वर्षं मी ते वरूनच पाहिलं होतं. पोरीनं उडी मारली, गटांगळी खाल्ली, वर आली, मी तिच्या पोटाखाली हात धरला. “तोंड पाण्यात घाल,” मी म्हटलं, “आणि बुडबुडे सोड.” तिनं सोडले. मग खोकत खोकत तिनं दादाला ओरडून विचारलं, खाली किती खोल आहे म्हणून. दादानं आबांसारखंच काठावर येऊन एकदा खाली पाहिलं.

विहिरीला त्या दिवशी दोन पुरुष पाणी होतं.