छाती भागिले चार

गेली सव्वीस वर्षं मी इचलकरंजीत बायकांचे कपडे शिवते आणि दुपारी शिवणवर्ग घेते. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी फळ्यावर एकच ओळ लिहायचे : छाती भागिले चार. त्यात लूज मिळवा, शिवणीची माया सोडा, झालं. गळ्याची रुंदी हवी तर छाती भागिले बारा. एक टेप, एक खडू आणि हे पाढे असले की बाईमाणसाचा कुठलाही कपडा बेतता येतो, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

आयत्या पॅटर्नचा मला तिटकारा होता. मी शिवण शिकले त्या बाईंकडे जुनी जर्मन ‘बुर्डा’ मासिकं होती. १९५२ पासून त्या मासिकात पॅटर्नचा कागद घालून देतात. तो उलगडला की लाल, निळ्या, काळ्या रेघांचं जाळं समोर यायचं, एका कागदावर वीसेक कपडे एकमेकांवर रचलेले. त्यातून आपला पोलका शोधायचा म्हणजे गर्दीच्या स्टँडवर हरवलेलं पोर शोधायचं. “ज्यांना माप घेता येत नाही त्यांच्यासाठी हे,” बाई म्हणाल्या होत्या, आणि तेच वाक्य मी पुढे शंभरेक मुलींना ऐकवलं. पुढे कळलं की घरबसल्या शिवणाऱ्या बायकांसाठी वेगवेगळ्या साइझचे कागद कापून विकायची सुरुवात १८६३ च्या सुमारास अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानेच केली. म्हणजे माप घेता येणाऱ्यानेच. पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची दिवाळीला कॅनडाहून आली. अंगात निळा शर्ट, कॉलरवाला, पुढून बटणांचा. ही आमच्या घराण्यातली, म्हणजे छातीने भरलेली. आम्ही बायका बटणांच्या शर्टाच्या वाटेला जात नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणांच्या मधे हमखास खिडकी उघडते. हिचा शर्ट मात्र सपाट. मी मुंढ्यात बोट घालून पाहिलं, उलटी बाजू पाहिली.

“कोणी शिवला?”

“मीच, मावशी.”

हिला चार वर्षांपूर्वी शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, मीच लावून द्यायचे. तिने फोनवर पॅटर्न दाखवला. बॉस्टनच्या एका बाईंची ‘कॅशमेरेट’ नावाची छोटी कंपनी, तिचा ‘हॅरिसन’ शर्ट. किंमत आपल्या पैशात दीड हजाराच्या आसपास. कापड नाही, दोरा नाही, नुसती फाइल. मी अस्तराचं ब्लाउज सहाशेला शिवते. खरं सांगते, मला राग आला. कागदाचे दीड हजार!

राग उतरला तो साइझच्या तक्त्यापाशी. एकाच साइझसमोर छातीचे तीन आकडे होते. मला आधी छपाईची चूकच वाटली. भाची म्हणाली, “मावशी, पाठ सगळ्यांची सारखीच, बाही तीच, कॉलर तीच. फक्त पुढचा तुकडा तीन प्रकारचा, ज्याला जेवढा उभार तेवढा.” बाजारातल्या मोठ्या कंपन्या बहुतेक ‘बी’ कपच्या हिशेबाने पॅटर्न काढतात, या कंपनीने ‘सी’पासून ‘एच’पर्यंतच्या बायकांसाठी काढले.

मी टेप तिच्या हातात दिली आणि म्हटलं, माझं घे. पूर्ण घेर नको. काखेखालच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, पाठीचं वेगळं, पुढचं वेगळं. एकूण ४१ इंच. पाठ साडेसतरा, पुढचं साडेतेवीस.

माझ्या फळ्यावरच्या हिशेबाने दोन्हीकडे साडेवीस. म्हणजे सव्वीस वर्षं मी स्वतःलासुद्धा पाठीमागे तीन इंच कापड जास्त देत आले होते आणि पुढून तीन इंच चोरत होते. वर टक्स घालायचे, म्हणजे नसलेल्या कापडातून चिमटा काढायचा. गळा छातीच्या बाराव्या हिश्श्याने कापायचा. पण माझी हाडं छत्तीसची. काखेतून उंच, उभाराच्या वर टेप धरली की तेवढंच येतं. बाकीचे पाच इंच उभाराचे, त्यांनी गळा आणि खांदे रुंद होत नाहीत. तरी मी गळा दोन्ही बाजू मिळून पाऊण इंचाहून जास्त मोठा कापत होते, आणि मग तो खांद्यावरून घसरायचा.

घसरला की काय करायचं? पाठीमागे नाडी. तिला दोन लटकनं. बायका हौसेने लटकनं मागतात हे खरं, पण माझ्याकडच्या निम्म्या नाड्या हौसेच्या नव्हत्या, चूक झाकायच्या होत्या.

तो शर्ट मी शिवला, स्वतःसाठी. शिंपिणीच्या अंगावर धड कपडा नसतो म्हणतात, तसं माझं आयुष्य गेलं. चोपन्नाव्या वर्षी पहिला शर्ट. पहिला वाया गेला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने फाइल पानावर बसेल अशी बारीक करून छापली होती. कागदावर पाच सेंटिमीटरचा एक चौकोन असतो, तो आधी मोजायचा, नंतर पुढे जायचं. भाचीने दोनदा सांगितलं होतं. मी कशाला मोजते? मला शिवण शिकवणार का ही? पानं जोडली, मांजरपाट कापला, टाके घातले, आणि शर्ट दंडातच अडकला. मग मोजला चौकोन : ४.७. पाच सेंटिमीटरला तीन मिलिमीटर म्हणजे काही नाही वाटतं, पण ४१ इंचांवर ते अडीच इंच होतात. दुसऱ्या वेळी घरांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात गेले. तिथे सगळा शर्ट एकाच मोठ्या कागदावर निघाला. तो मुलगा म्हणाला, “काकू, कुठला प्लॉट हा?”

दुसरा शर्ट मांजरपाटाचाच, तरी अंगावर बसला. मी वरच्या फळीवरून पिठाचा डबा काढला आणि शर्ट कमरेतून वर आला नाही. मग उगाच अजून दोन डबे काढले.

सगळंच मला पटलं असं नाही. मी पाच फूट एक. त्यांची कंबर माझ्या पोटावर उतरली, ती दीड इंच वर घ्यावी लागली. शिवण झाली की मार्जिन छाटून टाका म्हणतात, ते मी ऐकलं नाही. आपल्याकडे ब्लाउज दोन बाळंतपणं आणि एक मेनोपॉज काढतं. आत इंचभर माया नसेल तर ते कपाटातच पडून राहतं. आणि साडीवरचं कटोरी ब्लाउज आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बेतत आल्यात, तिथे उभार आम्हाला कळत होता. आता विचार येतो, कळत होता तर ड्रेसचा टॉप कापताना आम्ही तो विसरायचो कसा? फळ्यावर नव्हता म्हणून, दुसरं काय.

दीड हजारांचंही आता काही वाटत नाही. वर्गातली एक मुलगी म्हणाली, “बाई, ती फाइल ग्रुपवर टाका ना.” मी नाही टाकली. एकेका साइझला तीन-तीन पुढचे तुकडे मी एकदा स्वतः काढायला बसले होते, चार साइझ होईस्तोवर आठवडा गेला.

खरी टोचणी निराळीच आहे. माझ्याकडे बँकेतल्या एक बाई येत. त्यांचा ड्रेस तीनदा उसवला, तरी मुंढ्यापाशी तिरक्या सुरकुत्या राहिल्याच. चौथ्यांदा मी दुकानात चार बायकांसमोर म्हणाले, “तुमचं अंगच असं आहे ताई, कापडाने तरी काय करावं?” त्या हसल्या. ओढणी नीट केली, पैसे पूर्ण दिले. त्यानंतर सात-आठ वर्षं त्यांनी मुलीचे कपडे माझ्याकडे टाकले, स्वतःचे कधी नाही.

गेल्या महिन्यात त्या मुलीचा परकर-पोलका न्यायला आल्या. दुकानात कोणी नव्हतं. मी म्हटलं, “ताई, तुमचं माप घ्यायचंय.”

“माझं आहे की तुमच्या वहीत.”

“आहे. पण ते मी चुकीचं घेतलं होतं.”

त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग पर्स काउंटरवर ठेवली, ओढणी काढून तिच्यावर टाकली आणि हात बाजूला पसरले. मी पाठीकडून सुरुवात केली.