वळवामागे धावताना

वैशाखातली दुपार. झाडाचे पान हलत नाही, अंगाची काहिली होते. अशा वेळी विट्याच्या अंगाला ढगांचे डोंगर चढू लागले, की माझे कामात लक्ष लागत नसे. खोटे कशाला बोलू, मला वळवाचे वेड होते. कडेगाव भागात शेतीखात्याच्या नोकरीला लागलो, ती तरणी वर्षे. बुडाखाली मोटारसायकल. ढग दिसला, की किक मारायची आणि त्याच्या दिशेने सुटायचे. पारावरची मंडळी हसून म्हणायची, "साहेब निघाले वीज धरायला!"

त्यात गोडीही तशीच होती. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते, बाष्पाचा ढग होतो आणि बघता बघता तो दहा-बारा किलोमीटर उंच जातो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. मग पावसाबरोबर वरची गार हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर चौफेर पसरते. पावसाआधी पत्रे उडवणारा वारा तो हाच. कॉलेजात पुस्तकात वाचलेले सारे माळावर डोळ्यांसमोर घडत असे.

एका मे महिन्यात घरमालकाचा दहावीतला मुलगा म्हणाला, "मी पण येतो." मी त्याला मागे बसवले. माळावर पोचलो तोवर ढग डोक्यावर आला होता. टपोरे थेंब, मग गारा. आडोसा म्हणजे एकच लिंबाचे झाड. त्याखाली एका मेंढपाळाने मेंढरे उभी केली होती. आम्हीही तिकडेच निघालो, पण चिखलात गाडी घसरून आडवी झाली. ती उचलतोय तेवढ्यात डोळे दिपले आणि कानठळ्या बसल्या. वीज त्या लिंबावरच पडली होती.

मेंढपाळ मागे राहिलेले कोकरू आणायला गेला होता, म्हणून वाचला. सात मेंढरे जागीच गेली. झाडावर पडलेली वीज मुळाजवळच्या जमिनीतून पसरते, त्यात चार पायांची जनावरे आधी सापडतात. मला हे पुस्तकातून ठाऊक होते. तरी त्या पोराला घेऊन मी त्याच झाडाकडे निघालो होतो!

घरी आलो तर मालकीणकाकू एकट्याच भिजलेल्या कडब्याची गंज झाकत होत्या. पोराला जवळ घेऊन मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, पोरगं तुमच्या भरवशावर सोडलं हुतं. आन ढग तर तुमास्नी आमच्या आधी दिसला. मग आमाला सांगायचं, का त्याच्या मागं पळायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. लोकांना सांगणे हीच तर माझी नोकरी होती!

अमेरिकेच्या मैदानी मुलखात वसंत ऋतूत मोठमोठी चक्री वादळे होतात. त्यांच्या मागे गाड्या घेऊन धावणारे हौशी लोक तिकडे पुष्कळ आहेत. टिम समारास हे त्यातले जाणकार. लोकांना आधी इशारा देता यावा, म्हणून ते वादळाच्या वाटेत यंत्रे ठेवून अभ्यास करीत. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ ते, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी वादळात सापडून गेले. एवढ्या जाणत्या माणसाचाही अंदाज चुकला, तिथे माझी काय कथा!

वळीव मी आजही बघतो, पण घरातून. ढग चढू लागला, की आधी चार घरी सांगतो. कडबा झाका, रॅकवर बेदाणा असेल तर शेडला कागद बांधा, जनावरे झाडाखालून सोडा.

मंडळी, एक हिशेब घरातल्या पोरांनाही शिकवा. वीज चमकली, की गडगडाट होईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला, तर हातातले काम टाकून पक्क्या घरात या. झाड, उघडे पत्र्याचे शेड, तारेचे कुंपण, विहिरीवरची मोटार यांपासून लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरातल्या विजेची सूचना मोबाईलवर देते. सूचना आली, की शेजारच्या वस्तीवर फोन लावा. तिथल्या म्हाताऱ्या माणसाजवळ मोबाईल नसेल.

तो मुलगा आता बापमाणूस झाला आहे. आभाळ भरून आले, की मला फोन करतो, "साहेब, घरात हाय न्हवं?"